ठिपक्यांतून उमटणारा चेहरा

सकाळच्या वर्तमानपत्रात आलेले एखाद्या पुढाऱ्याचे किंवा खेळाडूचे छायाचित्र भिंगाखाली धरून पाहावे. डोळे, नाक, ओठ यांपैकी काहीएक तेथे सापडत नाही. दिसतात ते केवळ ठिपके; काही राळ्याएवढे, काही खसखशीहून बारीक, आणि सर्व एका ठरावीक अंतरावर कवायतीला उभे केल्यासारखे. भिंग बाजूला केले की तोच पुढारी पूर्ववत हसू लागतो. छापखान्यातील यंत्र जे काम क्षणार्धात उरकते, तेच माणसाने हाती टाक घेऊन, शाईत बुडवून, एकामागून एक ठिपका देत तासन् तास करीत बसावे यात कोणते शहाणपण, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी ठिपक्याने चेहरा नेमका कसा घडतो, हे समजून घेतले पाहिजे.

या कलेला इंग्रजीत स्टिपलिंग म्हणतात. मराठीत बिंदुचित्रण हा शब्द तिला चांगला शोभतो. ठिपका आपल्याला नवा नाही. दारापुढे ठिपक्यांची रांगोळी घालणारी गृहिणी तो रोज वापरते. परंतु रांगोळीतील ठिपका हा वाटाड्या होय. रेघ त्याच्यापाशी येऊन पुढे गेली की त्याचे काम संपते. गोंदणाच्या सुईचा ठिपका बिंदुचित्रणाला याहून जवळचा, कारण तेथेही शाई टोचून टोचूनच आकृती उठते. पण गोंदणातही शेवटी नजरेला रेघच जाणवते. बिंदुचित्रणात रेघ कधी येतच नाही. गालाचा उंचवटा, डोळ्याखालची सावली, कपाळावरचा उजेड हे सारे ठिपके कोठे दाट व कोठे विरळ आहेत, एवढ्यावरच अवलंबून असते. काळी शाई आणि पांढरा कागद यांखेरीज तिसरा रंग नाही. करडा रंग दिसतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात.

येथे एक घोटाळा टाळावयास हवा. ठिपक्यांची चित्रे म्हटली की अनेकांना फ्रान्समधील जॉर्ज सरा या चित्रकाराची आठवण होते. १८८४ ते १८८६ या काळात त्याने रंगविलेले ग्रांद जात बेटावरील रविवारचे भव्य चित्र आज शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. परंतु त्याचे ठिपके रंगांचे होते. शेजारशेजारचे दोन रंग डोळ्यात मिसळून तिसऱ्याचा भास व्हावा, हा त्याचा हेतू. शाईच्या ठिपक्यांना रंगाचा प्रश्नच नाही. त्यांचा सारा व्यवहार छायाप्रकाशाशी आहे.

डोळा ठिपके एकत्र का करतो, याचे उत्तर साधे आहे. निकोप मानवी दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातील दोन वस्तू जेमतेम वेगळ्या दिसतात. हिशेब केला तर एक मीटर अंतरावरून सुमारे ०.३ मिलिमीटर, आणि वाचनासाठी कागद धरतो त्या अंतरावरून सुमारे ०.१ मिलिमीटर. याहून जवळ असलेले ठिपके वेगळे राहत नाहीत. त्यांची सरासरी होऊन एक करडी छटा दिसते. हाताने काढलेल्या चित्रातील ठिपके सहसा इतके जवळ नसतात. म्हणून जवळून पाहता ठिपका ठिपकाच राहतो, दोन पावले मागे सरले की चेहरा घट्ट होतो, आणि मधल्या एका अंतरावर दोन्ही एकदम दिसतात. बिंदुचित्राची मौज या मधल्या जागेत आहे. कागद किंचित थरथरतो आहे, चेहऱ्यावर श्वास आहे, असा भास तेथेच होतो.

आता छापखान्यातील ठिपके आणि हाताचे ठिपके यांतील भेद पाहू. म्युनिक येथील गेऑर्ग मायसेनबाख याने १८८२ साली हाफटोन पद्धतीचे पेटंट घेतले. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्‌ज याच कामी लागला होता. छायाचित्रापुढे बारीक जाळी धरून त्याचे ठिपक्यांत रूपांतर करावयाचे, ही त्यातील युक्ती. भारतात या विद्येचा खरा अभ्यास केला तो कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी. मुलांसाठी कथा लिहिणारे, चित्रे काढणारे हे गृहस्थ हाफटोनच्या गणितात इतके पारंगत झाले की, त्यांचे लेख इंग्लंडमधील पेनरोज या मुद्रणविषयक वार्षिकात छापले जात. हाफटोनमध्ये ठिपक्यांमधले अंतर सारखे असते आणि आकार बदलतो. काळोख असेल तेथे ठिपका फुगतो, उजेड असेल तेथे आकसतो. हाताच्या बिंदुचित्रणात याच्या उलट. टाकाचे टोक एकच, त्यामुळे ठिपका जवळजवळ सारखा. बदलते ते अंतर. एका पद्धतीत जाळी आधी ठरते आणि चेहरा तिच्यात बसवावा लागतो. दुसरीत प्रत्येक ठिपक्याला आपली जागा स्वतंत्रपणे शोधावी लागते. ती जागा कोण शोधतो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

हाफटोन येण्यापूर्वी चारशे वर्षे यूरोपातील ताम्रपटांवर ठिपका वावरत होता. पादुआ येथील ज्यूलियो कांपान्योला याने सोळाव्या शतकाच्या आरंभी तांब्यावर बारीक बिंदू देऊन शरीराची मृदुता दाखविण्याचा प्रयत्न केला. त्याचा हेतू व्हेनिसच्या जॉर्जोनेच्या रंगांतील धूसरपणा काळ्या शाईत आणण्याचा होता. पुढे ॲम्स्टरडॅमच्या यान लुत्मा याने १६८१ साली चार व्यक्तिचित्रे केली. लुत्मा हा सोनाराचा मुलगा. सोन्यारुप्यावर हातोडी व ठोसा चालविण्याची घरातली विद्या त्याने तांब्याच्या पत्र्याला लावली आणि त्या कामाला लॅटिनमध्ये ‘हातोडीचे काम’ असेच नाव दिले. चारांपैकी दोन चेहरे फोंडेल आणि होफ्त या डच कवींचे, एक त्याचा स्वतःचा, आणि एक त्याच्या वडिलांचा. वडील बारा वर्षांपूर्वी निवर्तले होते. ज्या माणसाने हातोडी धरावयास शिकविले, त्याचाच चेहरा त्याच हातोडीने ठोकून ठोकून पुन्हा उभा करावयाचा, ही गोष्ट कोणत्याही कारागिराच्या घरात समजण्यासारखी आहे.

बिंदूंच्या या कामाला मोठा बाजार मिळाला तो अठराव्या शतकातील लंडनमध्ये. फ्रान्समध्ये शिकून आलेल्या विल्यम विन रायलंड याने ही रीत इंग्लंडात रूढ केली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यावयाचा, सुईने लेपाला छिद्रे पाडावयाची, मग तेजाब ओतावयाचे. छिद्रातून तेजाब जेथे तांबे खाईल तेथे शाई धरली जाई. शेवटी चेहऱ्यावरचे नाजूक ठिपके वाकड्या कोरणीने हाताने भरीत. लालसर तपकिरी शाईत छापलेली ही चित्रे दिवाणखान्यांत लावण्यासाठी हातोहात खपत. रायलंडला राजाश्रयही लाभला. परंतु त्याचा शेवट भीषण झाला. ईस्ट इंडिया कंपनीवर काढलेली सात हजार पौंडांहून अधिक रकमेची एक बनावट हुंडी त्याच्या नावावर निघाली. हुंडीवरील तारखेच्या वेळी तो कागद तयारच झालेला नव्हता, असे कागद बनविणाऱ्याने न्यायालयात सांगितले, आणि १७८३ च्या ऑगस्टमध्ये टायबर्नच्या वधस्थळी रायलंडला फाशी देण्यात आले. हाताच्या इतक्या बारीक कसबाला त्या काळी शंकेनेही पाहिले जात असावे.

रायलंडच्या मागे या क्षेत्रात ज्याचे नाव गाजले तो फ्लॉरेन्सचा फ्रांचेस्को बार्तोलोत्सी. हाही सोनाराचाच मुलगा. १७६४ साली तो लंडनला आला, १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकादमीच्या पहिल्या सभासदांत त्याची गणना झाली, आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्याने लंडनच्या ताम्रपटांच्या बाजारावर राज्य केले. १८०२ मध्ये पोर्तुगालच्या बोलावण्यावरून तो लिस्बनला गेला आणि १८१५ साली तेथेच वारला. त्याच्या असंख्य कामांपैकी एकाचा येथे विशेष विचार केला पाहिजे, कारण ठिपक्यांची शक्ती आणि ठिपक्यांचा धोका ही दोन्ही त्या एका कामात उघडी पडतात.

आठव्या हेन्रीच्या दरबारातील स्त्रीपुरुषांची हान्स होल्बाइन याने खडूने काढलेली सुमारे ऐंशी रेखाचित्रे इंग्लंडच्या राजसंग्रहात आहेत. १७९२ ते १८०० या वर्षांत जॉन चेंबरलेन याने त्यांच्या बिंदुताम्रपटांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यातील बहुतेक पट बार्तोलोत्सीचे. होल्बाइनची चित्रे विलक्षण थोड्या साधनांनी केलेली आहेत. चेहऱ्यावर फिकट खडूचा हात फिरविलेला, आणि मग पापणीची कड, नाकपुडी, ओठांमधली फट एवढ्याच ठिकाणी कठोर, निश्चित रेषा. त्या रेषांत माणूस सापडतो. त्यांत सर टॉमस मोर आहेत, रोचेस्टरचे बिशप जॉन फिशर आहेत. राजाला धर्मसत्तेचा प्रमुख मानण्याचे नाकारल्यामुळे दोघांचाही १५३५ साली शिरच्छेद झाला आणि बरोबर चारशे वर्षांनी, १९३५ मध्ये, रोमन चर्चने दोघांना संतपद दिले. फिशर यांचे गाल बसलेले, ओठ मिटलेले. उपास आणि जागरण यांनी झिजलेला तो म्हातारा चेहरा होल्बाइनने जसा पाहिला तसा कागदावर ठेवला.

बार्तोलोत्सीच्या बिंदूंनी ही मंडळी गोड झाली. रेषेची धार गेली; गालांवर मखमल आली, पापण्या मऊ झाल्या, आणि सोळाव्या शतकातील सावध, कणखर माणसे अठराव्या शतकातील दिवाणखान्यात बसल्यासारखी दिसू लागली. जाणकारांनी हा दोष पुढे वारंवार दाखविला आहे. बार्तोलोत्सीला हात नव्हता असे मुळीच नाही. त्याच्याएवढा सफाईदार हात त्या काळात क्वचितच कोणाचा असेल. दोष सफाईचाच आहे. ठिपका स्वभावतः मऊ असतो. एका छटेतून दुसरीत अलगद नेणे त्याला सोपे जाते, आणि जे सोपे जाते तेच करीत राहावे असा मोह कारागिराला होतो. चेहऱ्यावरचा भाव मात्र नेमका जेथे छटा एकदम तुटते तेथे असतो.

आपल्याकडील लघुचित्रांच्या परंपरेत ही अडचण निराळ्या रीतीने सोडविलेली दिसते. मोगल आणि राजस्थानी शैलींतील चित्रकार चेहऱ्याला गोलाई देण्यासाठी अत्यंत बारीक कुंचल्याने ठिपके देत. त्या कामाला परदाज म्हणतात. परंतु परदाज येतो तो शेवटी. त्याआधी एकाच अखंड रेषेने कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची कड पक्की झालेली असते. रेषेने व्यक्ती सांगावयाची आणि ठिपक्यांनी तिच्या कातडीला ऊब द्यावयाची, अशी ही वाटणी आहे. केवळ शाईने काढलेल्या ‘स्याह कलम’ चित्रांतील दाढीचे केस व गालांवरची सावली भिंगातून पाहावी. युरोपीय ताम्रपटांपुढे ते काम कोठेही उणे वाटत नाही.

हाफटोन आल्यावर ताम्रपट कोरणाऱ्यांचा धंदा बसला. तरीही ठिपका गेला नाही. वनस्पती, कीटक, शंखशिंपले आणि उत्खननात सापडलेली दगडी हत्यारे यांची शास्त्रीय चित्रे आजही ठिपक्यांनी काढतात, कारण छायाचित्रात जी बारीक खोच सावलीत बुडते ती चित्रकार हवी तेवढी उजळून दाखवू शकतो. शिवाय खिळे जुळवून छपाई होई त्या काळात शाईच्या ठिपक्यांचे चित्र साध्या लाइन ब्लॉकवरून, हलक्या कागदावरही स्वच्छ उठे. हाफटोनला चांगला कागद लागे, नाहीतर चेहऱ्याचा चिखल होई.

याच कारणाने न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने १९७९ साली उलटी वाट धरली. पहिल्या पानावर छायाचित्रे न छापण्याचा या पत्राचा जुना रिवाज होता. केव्हिन स्प्राउल्स नावाचा एक तरुण चित्रकार ठिपक्यांनी काढलेली आपली चित्रे घेऊन तेथे गेला. नोटांवरील कोरीव चेहऱ्यांची आठवण करून देणारी ती चित्रे संपादकांना रुचली आणि तेव्हापासून बातमीतील माणसांचे बोटभर रुंदीचे, शाईच्या ठिपक्यांचे चेहरे ही त्या पत्राची ओळख झाली. असे एक चित्र करावयास तीन ते पाच तास लागत. २००२ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन मांडले. या चित्रांत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांतील ठिपके विस्कटलेले नाहीत. गालाच्या, कपाळाच्या, हनुवटीच्या गोलाईवरून ते रांगांनी वळत जातात, आणि केस, कपडे यांना सरळ रेघा आहेत. डोळ्याला रांगेची दिशा कळते व तेवढ्यावरून उंचसखलपणा कळतो. बोटभर जागेत ओळख पटावयाची असेल तर मखमल उपयोगाची नाही, हे स्प्राउल्सने ओळखले होते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ज्याला असे व्यक्तिचित्र काढावयाचे आहे त्याने प्रथम उजेडाचा विचार करावा. समोरून पडलेल्या झगझगीत दिव्यातील छायाचित्रात चेहरा पापडासारखा सपाट होतो. ठिपक्यांना धरण्यासारखे तेथे काही उरत नाही. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली असेल, तर अर्धे चित्र आधीच झालेले असते. पुष्कळदा मात्र निवड हाती नसते. घरातील कोणी वृद्ध माणूस जातो, मागे ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा, पुसट फोटो तेवढा राहतो, आणि स्मरणपत्रिकेसाठी किंवा भिंतीवर लावण्यासाठी त्यावरून मोठे चित्र हवे असते. अशा फोटोत डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग आणि ओठांच्या जागी एक रेघ असते. येथे जे दिसत नाही ते मनाने भरण्याची घाई करू नये. नातेवाइकांकडून त्याच माणसाचे दुसरे एखादे छायाचित्र, लग्नसमारंभातील घोळक्यातले का होईना, मागून घ्यावे आणि भुवया, कानाची पाळी, ओठांचा कोपरा तेथून पाहावा. कल्पनेने भरलेला डोळा सुंदर दिसतो, परंतु घरच्यांना तो परका वाटतो.

कागद गुळगुळीत व घट्ट हवा. खरबरीत कागदाच्या तंतूंतून शाई पसरते आणि ठिपक्याला पाय फुटतात. शाई काळीभोर, वाळल्यावर पाण्याने न सुटणारी. जुने चित्रकार बारीक निबेचा टाक वापरीत; १९५३ पासून जर्मनीच्या रोट्रिंग कंपनीचे नळीच्या टोकाचे रॅपिडोग्राफ आले; आणि १९८२ मध्ये जपानच्या साकुरा कंपनीने आणलेल्या पिग्मा शाईमुळे दौतीची गरजही राहिली नाही. त्या कंपनीच्या सर्वांत प्रचलित बारीक पेनावर ००५ हा आकडा असतो आणि त्याची रेघ ०.२० मिलिमीटरची मानतात. नवशिक्याने यापेक्षा थोडा जाड पेन घेतलेला बरा. अतिबारीक टोक उत्साह लवकर संपविते.

चेहऱ्याला हात लावण्याआधी कागदाच्या पट्टीवर सहा चौकोन आखून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा उतरवाव्यात. ही पट्टी कंटाळवाणी खरी, पण तिच्यावाचून पुढे जाणारे बहुतेक जण मध्येच अडतात, कारण काळा किती काळा होऊ शकतो हे त्यांना ठाऊक नसते आणि ते सगळा चेहरा मधल्याच करड्या छटेत ठेवून बसतात. ठिपके देताना पेन कागदावर सरळ उभा धरावा. तिरका धरला की प्रत्येक ठिपक्याला शेपूट येते, आणि हजार शेपट्या एका दिशेला वळल्या की गालावर पाऊस पडल्यासारखे दिसते. ठिपके रांगेत येऊ नयेत, आणि एकमेकांना चिकटून पुंजकेही होऊ नयेत. वरवर सोपी वाटणारी ही गोष्ट हाताला फार उशिरा साधते. हात थकला की तो आपोआप ओळी घालू लागतो. तेव्हा पेन खाली ठेवावा.

पेन्सिलीची रूपरेषा अगदी फिकट असावी आणि तिच्यावर शाईची रेघ मारू नये. आरंभ सर्वांत गडद जागांपासून करावा: डोळ्यांची बुबुळे, नाकपुड्या, ओठांमधली फट, केसांच्या मुळाशी असलेली सावली. या चार-पाच जागा भरल्या की चेहऱ्याची जागा निश्चित होते आणि बाकीच्या छटा त्यांच्याशी ताडून पाहता येतात. उजेडाच्या जागा कोऱ्या सोडाव्यात. शाईत पांढरा रंग नाही; कागद हाच उजेड. एकदा त्यावर ठिपका पडला की तो परत घेता येत नाही. भीतीपोटी पुष्कळ जण प्रत्येक ठिकाणी ‘थोडेसे’ ठिपके देऊन ठेवतात आणि सारा चेहरा देवी आलेल्या माणसासारखा दिसू लागतो.

भाव कोठे असतो, हे चित्रकारापेक्षा घरातील लहान मूल अधिक नेमके जाणते. आई रागावली आहे की नाही, हे ते तिच्या डोळ्यांवरून आणि ओठांच्या कोपऱ्यांवरून ओळखते. चित्रातही श्रम तेथेच घालावेत. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. ती सावली दिली नाही तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. बुबुळावरचा उजेडाचा कण एवढासा, पण तो नेमका एका बाजूला आणि कोरा हवा. दोन्ही डोळ्यांत त्याची जागा जुळली नाही तर नजर फुटते. ओठांच्या कोपऱ्यात दोन ठिपके वर पडले तर हसू, खाली पडले तर खिन्नता. सुरकुती ही रेघ नव्हे. एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली अशी ती लहानशी दरी होय. म्हणून रेघेसारख्या ठिपक्यांची माळ ओढून सुरकुती होत नाही. कडेला दाट ठिपके एकदम थांबले पाहिजेत आणि पुढे कोरा कागद लागला पाहिजे. असा एकदम थांबणारा काठ आणि हळूच विरणारा काठ यांची निवड प्रत्येक इंचावर करावी लागते. होल्बाइनच्या चित्रांत जे होते आणि बार्तोलोत्सीच्या हातून जे निसटले, ते हेच. उलट, गालाची बाहेरची कड पार्श्वभूमीत हरवू दिली तर ती पाहणाऱ्याचा डोळा स्वतः भरून काढतो.

सावळ्या वर्णाची माणसे काढताना एक चूक सर्रास होते. वर्ण सावळा म्हणून सगळ्या चेहऱ्यावर सारखा काळोख पसरला जातो आणि घडण नाहीशी होते. वास्तविक सावळ्या कातडीवर कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा येथे उजेड अधिक स्वच्छ चमकतो. त्या जागा निर्धाराने कोऱ्या ठेवल्या तर वर्णही दिसतो आणि चेहराही.

किती ठिपके लागतात, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. त्याचा हिशेब करता येतो. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्याने ०.०७ चौरस मिलिमीटर जागा व्यापते. एका चौरस सेंटिमीटरचा चौथा भाग काळा करावयाचा तर सुमारे ३५० ठिपके लागतात. चेहरा पंधरा सेंटिमीटर रुंद आणि वीस उंच धरला, आणि सरासरी तेवढीच छटा मानली, तर एक लाखाच्या वर ठिपके होतात. सेकंदाला दोन या वेगाने न थांबता काम केले तरी साडेचौदा तास. पाहणे, थांबणे, मनगट मोकळे करणे हे त्यात धरलेले नाही.

हे श्रम आता यंत्रही वाचवू शकते. ॲड्रियन सेकर्ड या संशोधकाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या गणिती पद्धतीने कोणत्याही छायाचित्राचे ठिपक्यांत रूपांतर होते, आणि ते ठिपके हाताने दिल्यासारखे मोकळे, रांग न धरणारे असतात. २०१९ साली वॉल स्ट्रीट जर्नलनेही आपल्या संग्रहातील जुन्या चित्रांवरून संगणकाला शिकवून वर्गणीदारांसाठी अशी चित्रे करविण्याचा प्रयोग केला. सेकर्डच्या पद्धतीसारख्या गणिताला छायाचित्रातील काळोख तंतोतंत मोजता येतो. परंतु ओळखपत्रावरील पुसट फोटोत डोळ्यांच्या जागी डाग असेल, तर ते डागच निष्ठेने उतरवील. कोठला काठ कठोर ठेवावा, कोठला सोडून द्यावा, ही विचारणा त्यात नाही. शिकविलेला संगणक तो डोळा भरूनही देईल, पण पूर्वी पाहिलेल्या पुष्कळ चेहऱ्यांच्या सरासरीतून. त्या घरातील माणसाच्या भुवया कशा होत्या, हे विचारावयास तो कोणाच्या दारी जात नाही.

काम चालू असताना अर्ध्या-पाऊण तासाने उठून चित्र भिंतीशी उभे करावे आणि दोन-तीन मीटरांवरून डोळे किंचित मिटून पाहावे. ते उलटे धरून, किंवा आरशात पाहिले तर एका बाजूला कललेला जबडा किंवा वरखाली झालेले डोळे चटकन ध्यानी येतात. एखादा ठिपका चुकून मोठा पडला तर शाई पूर्ण वाळू द्यावी आणि दाढीच्या पात्याच्या टोकाने हलकेच खरवडून, त्या जागी नखाने कागद घोटून घ्यावा. पांढऱ्या रंगाचा टिपका छापण्यासाठी चालतो, पण भिंतीवर लावावयाच्या चित्रात तो कालांतराने पिवळा पडून उघडा दिसतो. शेवटचा ठिपका दिल्यावर चित्र एक दिवस तसेच राहू द्यावे. पेन्सिलीच्या खुणा त्यानंतर मऊ खोडरबराने पुसाव्यात. ओल्या शाईवर रबर फिरले तर गालावर कायमचा काळा ओघळ राहतो. खुणा गेल्या म्हणजे काही ठिकाणी चेहऱ्याला आधार कमी पडलेला दिसेल, विशेषतः हनुवटीखाली आणि कानामागे. तेथे आणखी पन्नास-शंभर ठिपके घालावे लागतात.